हिरवी चटणी सोडून काय हवं ते मागवा

"आज बाहेरच जेवू या का?" हे वाक्य एरवी पूर्ण व्हायच्या आत निम्मं घर चपला घालून जिन्यात उभं असतं. गावात साथ आली की त्याच वाक्यावर दीड तास बैठक चालते. अध्यक्षस्थानी आई, विषय एकच, आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा पुरावा. एकाच्या पुराव्यात पनीर गुन्हेगार, दुसऱ्याच्यात चिकन, तिसऱ्याच्यात चक्क भात. साडेआठला बैठक तहकूब होते आणि पिठलं टाकलं जातं. पिठल्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की दीड तासात पाण्याचा उल्लेख एकदाही होत नाही.

पुण्यात २०२५च्या जानेवारीत ही बैठक घरोघर भरली. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण पाठोपाठ सापडू लागले आणि बघता बघता संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. या आजाराचं पूर्ण नाव प्रत्येक वर्तमानपत्राने आपापल्या कुवतीनुसार छापलं. ज्यांच्यावरून ते पडलं ते गियाँ आणि बारे हे फ्रेंच डॉक्टर. १९१६ साली त्यांच्याबरोबर स्ट्रोल नावाचे तिसरेही होते, पण कष्ट तिघांचे आणि पाटी दोघांची. भागीदारीत हॉटेल काढलेल्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको.

जीबीएस माणसाकडून माणसाला लागत नाही. लागतो तो आधी पोट बिघडवणारा जंतू. त्याच्याशी लढायला शरीर फौज उभी करतं आणि एक ते तीन आठवड्यांनी क्वचित एखाद्याच्या शरीरात ती फौज वाट चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. कॅम्पिलोबॅक्टरने पोट बिघडलेल्या साधारण हजारांतल्या एकाला पुढे जीबीएस होतो. म्हणजे 'त्या हॉटेलात जीबीएस असेल का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते इतकंच, की तिथलं पाणी कुठलं आणि वाढणारे हात कसे.

हे पटलं की मेनूकार्ड वेगळं दिसू लागतं. व्हेज-नॉनव्हेज ही वाटणी बाजूला ठेवा आणि 'चुलीवरून थेट आलेलं' आणि 'चुलीनंतर कुणीतरी हात लावलेलं' अशी वाटणी करा. अन्न आतपर्यंत ७५ अंशांच्या आसपास तापलं की कॅम्पिलोबॅक्टर जिवंत राहत नाही. नोरोव्हायरस जास्त चिवट, ६० अंशांवरही तग धरतो, पण रटरट उकळीपुढे त्याचंही चालत नाही. वडा तळणीतून निघतो तेव्हा तेल १७०च्या वर असतं, तेव्हा वड्याला बिनशर्त जामीन. पावालाही. लसणाच्या कोरड्या चटणीलाही. मिसळीच्या रश्शाला वाफ असेल तर तो सुटला, फरसाण मुळात कोरडं. अडकतो तो वर भुरभुरलेला कच्चा कांदा आणि कोथिंबीर. "कांदा-कोथिंबीर नको" म्हटल्यावर मिसळवाला तुमच्याकडे कसा बघतो ते सहन करण्याची तयारी मात्र हवी.

आता मुख्य आरोपी. हिरवी चटणी. कोथिंबीर आणि पुदिना हे मातीलगतचे पाले, धुणं किती काळजीने झालं ते धुणाऱ्यालाच ठाऊक. वाटताना मिक्सर तापला की चटणी काळपट पडते, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यात बर्फाचे खडे टाकतात. म्हणजे कच्चा पाला, अधिक पाणी, अधिक बर्फ, अधिक हात, आणि चुलीचा संबंध शून्य. वर ती सकाळी वाटून रात्रीपर्यंत वाढायची. घाबरून बिर्याणी रद्द करणारं कुटुंब ऑर्डर येईपर्यंत वेळ जावा म्हणून पापडाबरोबर हीच चटणी चाटत बसतं. माझ्या मते साथीच्या काळातला पुणेकरांचा हा सर्वांत मोठा बेसावधपणा. दुसरा म्हणजे सोलकढी 'पचायला बरी' म्हणून दोन वाट्या जास्त घेणं.

पनीर बदनाम झालं तेही असंच अर्धवट. ते कडक होऊ नये म्हणून पाण्यात बुडवून ठेवतात, प्रश्न त्या पाण्याचा. ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार असते, ऑर्डर आली की कढईत तीनचार मिनिटं मोठ्या आचेवर परततात आणि पनीर शेवटी टाकतात. टेबलावर आल्यावर कडेला बुडबुडे दिसत असतील तर निश्चिंत जेवा. भाजी नुसती कोमट असेल तर "जरा गरम करून आणा" म्हणा. ती परत जाते, तिसऱ्या मिनिटाला येते, वाटी चटका देते आणि भाजी तशीच असते. वाटीला बोट लावून समाधान मानू नका, चमचा मध्यभागी घाला.

चिकनचं म्हणाल तर शिजलेल्या चिकनला घाबरायचं कारण नाही. कच्च्याची संगत वाईट. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात सुखाने नांदतो आणि माणसाला पाडायला त्याचे पाचशेसुद्धा पुरतात. तंदुरी मागवली तर मांडीचा सांधा उलगडून बघा. हाडालगत मांस काचेसारखं अर्धपारदर्शक असेल, लालसर पाणी सुटत असेल, तर प्लेट परत पाठवा. त्याहून बारीक खोच ब्रशची आहे. सळईवर अर्धवट भाजलेल्या तुकड्यांना ज्या ब्रशने लोणी लावतात तोच ब्रश उतरवलेल्या तुकड्यांवरही फिरला, तर तंदूरने मारलेलं लोण्याने परत आणलं. शेजारच्या कांद्याच्या चकत्यांचा पाट आणि सुरी कुणाची, हे विचारायची सोय नसते. चकत्या सोडून द्याव्यात. लिंबूही.

बर्फाबद्दल एक कामाची गोष्ट. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालावा असा आदेश राज्याच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, २०१८ साली काढला होता. त्यामुळे सरबतात निळसर खडा दिसला तर उठावं हे उघड आहे. पण पांढरा दिसला म्हणून तो शुद्ध ठरत नाही. शिवाय गोठवल्याने हे जंतू मरत नाहीत, काही कमी होतात इतकंच. 'बर्फात कसला जंतू जगतोय' या वाक्यावर उसाचा रस पिणारे बरेच आहेत.

पाण्याचं तर विचारू नका. वेटर येऊन "साधं की बाटली?" विचारतो तेव्हा एका हाताच्या चार बोटांत चार ग्लास अडकवलेले असतात आणि बोटं ग्लासांच्या आत. बाटली मागवून तिचं सील आपण कौतुकाने तोडतो आणि पाणी त्याच ग्लासात ओततो. बाटली तोंडाला लावा. चारचौघांत वाईट दिसतं, पण पोटाला दिसण्याशी कर्तव्य नसतं. वीस लिटरच्या जारवरही आंधळा विश्वास नको. त्या साथीत महापालिकेने पाणी तपासून काही खासगी आरओ प्रकल्प बंद केले होते. आरओ हे यंत्राचं नाव आहे, शुद्धतेचं प्रमाणपत्र नव्हे.

हॉटेल निवडताना मी पाटी आणि पंचतारांकित अभिप्राय दोन्ही सोडून आधी हात धुवायला जावं अशा मताचा आहे. बेसिनजवळच्या बाटलीत साबण आहे, की साबणाची आठवण राहिलेलं गुलाबी पाणी आहे, यावरून आतल्या मोरीचा अंदाज येतो. जी बाटली गिऱ्हाइकासाठी भरत नाहीत ती आचाऱ्यासाठी भरत असतील हे मानायला मन धजत नाही. करोनात लागलेली सॅनिटायझरची सवय इथे फारशी कामाची नाही. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण होतं, अल्कोहोलने ते विरघळायचं. नोरोव्हायरसला तसं आवरणच नाही. त्याला साबण आणि वीस सेकंद वाहतं पाणी लागतं, नखांसकट. मग टेबल पुसणारं फडकं बघा. तेच फडकं सगळ्या टेबलांवर फिरून शेवटी पोऱ्याच्या खांद्यावर विसावत असेल, तर टेबल पुसून घेण्यापेक्षा न पुसलेलं बरं.

वेळही महत्त्वाची. साडेबाराला किंवा साडेसातला, गर्दी चढत असताना जावं. भाजी चुलीवरून उतरते तोच संपते. चार वाजता 'निवांत' म्हणून गेलात तर दुपारचं उरलेलं निवांतपणे तुमची वाट बघत असतं. बुफेत झाकण उचलल्यावर वाफ यायला हवी. अन्न साठ अंशांच्या खाली आलं की जंतूंची पंगत बसते. बिलावर १४ अंकी एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक असतो. सुरुवात १ने असेल तर परवाना, २ने असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी, पुढचे १५ म्हणजे महाराष्ट्र. त्यावरून फक्त नोंद आहे एवढं कळतं. आणि बिल हातात येतं तोवर जेवण पोटात गेलेलं असतं, ही त्या व्यवस्थेतली गंमत.

"मग पार्सलच मागवू," हा तहाचा प्रस्ताव पुढच्या खोलीतून येतो. पार्सल म्हणजे तीच भाजी, फक्त पाऊण तास शिळी. डबा आला की पातेल्यात ओतून ढवळत उकळी आणा. मायक्रोवेव्हमध्ये कडा चटचटतात आणि मध्यभाग गारच राहतो. चटणीची पुडी न फोडता टाकून द्या. ती टाकताना कोणाचा हात थरथरतो ते बघून पुढच्या बैठकीत कोणाचं मत किती धरायचं ते ठरवता येतं.

आणि एवढं करूनही पोट बिघडलंच, तर घाईने आरोप करू नका. लोक नेहमी शेवटच्या जेवणाला फाशी देतात. खाऊन दोनचार तासांत उलट्या झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेलं विष असू शकतं. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात, कॅम्पिलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस, आणि 'अ' प्रकारच्या काविळीला १५ ते ५० दिवस. म्हणजे कालची पावभाजी बहुधा निर्दोष, आणि गुन्हेगार मागच्या मंगळवारचं कुणाच्या तरी घरचं ताक. काविळीच्या बाबतीत तर दीड महिन्यापूर्वीच्या मुंजीपर्यंत मागे जावं लागतं, आणि यजमान सख्खे असले तर तपास तिथेच थांबतो. आपल्याच गच्चीवरच्या टाकीचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं, हा मुद्दा बैठकीत मांडून बघा. ताबडतोब हॉटेलवर परत चर्चा सुरू होते. जुलाबानंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या येऊन जिना चढणं जड वाटू लागलं, तर मात्र चर्चा नको, त्याच दिवशी डॉक्टर.

समजा, ठराव पास झाला. हॉटेल पारखलं, साबण खरा निघाला, भाजी रटरटत आली, चटणीची वाटी कुणी शिवली नाही, पाणी बाटलीतून प्यायलं. सगळे विजयी मुद्रेने गल्ल्यापाशी येतात. तिथे बडीशेपेची वाटी असते. चमचा असतो, पण तो बशीत, वाटीच्या बाहेर. समोरचे काका बिलाचे पैसे मोजलेल्या बोटांनी चिमूट घेतात, खडीसाखर आवडते म्हणून तळापर्यंत ढवळतात, नको असलेली बडीशेप झटकून परत टाकतात, आणि वाटी मायेने आपल्याकडे सरकवतात.