यादीतून भारत वगळला, अट मात्र उठलेली नाही

गेला आठवडाभर एक मेसेज ग्रुपा-ग्रुपांतून फिरतोय. फिरत फिरत तो आमच्या भाचीच्या फोनवर पोहोचला आणि तिने राजीनामा लिहायला घेतला, म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकन सरकार २१ ते ३० वयाच्या नोकरदारांना एक वर्ष पूर्ण खर्चाने अमेरिकेत नेतं. अर्धं वर्ष विद्यापीठात शिकायचं, अर्धं वर्ष कंपनीत इंटर्नशिप करायची, शेवटी अमेरिकन पदवी. बायको-नवऱ्याचा खर्चही सरकारच करतं. पूर्वी नंतर दोन वर्षं भारतात परतावं लागायचं, ती अट २०२४ मध्ये उठली, त्यामुळे इंटर्नशिप संपली की त्याच कंपनीत एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. नोंदणीचे आणि 'सेव्हिस फी'चे (व्हिसाआधी अमेरिकन सरकारकडे भरायच्या नोंदणी शुल्काचे) पैसे खालच्या यूपीआयवर पाठवा, जागा थोड्या आहेत.

यात अर्धं खरं असलेलं वाक्य दोन वर्षांच्या अटीचं आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करणार आहे.

आधी हे कळायला हवं की नाव न घेता दोन वेगळ्या योजना इथे एकत्र कालवल्या आहेत. एक फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप आणि दुसरी ह्युबर्ट हम्फ्री फेलोशिप. दोन्हींचं भारतातलं काम युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन, म्हणजे यूएसआयईएफ, पाहते. दोन्हींचा व्हिसा जे-१, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठीचा, आणि दोन्हींत सरकारी पैसा. सगळी गोम या सरकारी पैशातच आहे.

दोन वर्षांची अट अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम २१२(ई) मधून येते. जे-१ वर गेलेल्या माणसाला ती तीन कारणांनी लागते. एक, कार्यक्रमाला अमेरिकन सरकारने किंवा स्वतःच्या देशाच्या सरकारने पैसा दिला असेल तर. दोन, तुमचं क्षेत्र तुमच्या देशाच्या नावापुढच्या 'स्किल्स लिस्ट'मध्ये, म्हणजे त्या देशाला गरज असलेल्या कौशल्यांच्या यादीत, असेल तर. तीन, डॉक्टर तिथे रेसिडेन्सीसारखं वैद्यकीय प्रशिक्षण घ्यायला गेला असेल तर. ९ डिसेंबर २०२४ ला ही स्किल्स लिस्ट बदलली आणि भारत तिच्यातून वगळला गेला. हे मान्यच करायला हवं, आणि केवळ यादीमुळे अडकलेल्यांना, अगदी आधी गेलेल्यांनासुद्धा, त्याचा खरोखर फायदा झाला. पण हे झालं दुसऱ्या कारणाचं. पहिलं आणि तिसरं जसंच्या तसं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तीन कड्यांतली एक निघालेली पाहिली आणि दार उघडलं असं सांगून टाकलं.

पहिल्या कारणात पैसा किती, याला महत्त्व नाही. पूर्ण खर्च असो किंवा त्यातला एक भाग, थेट मिळालेला असो किंवा दुसऱ्या संस्थेमार्फत, कायदा सगळं धरतो. फुलब्राइट-नेहरूमध्ये तर २००८ च्या करारापासून भारत आणि अमेरिका दोन्ही सरकारं पैसा घालतात. म्हणजे कुठल्याही बाजूने पाहिलं तरी अट लागतेच.

अट लागली म्हणजे काय, हेही मेसेजवाल्यांना ठाऊक नसावं. भारतात एकूण दोन वर्षं प्रत्यक्ष राहिल्याशिवाय एच व्हिसा (एच-१बी त्यातलाच) नाही, कंपनीअंतर्गत बदलीचा एल व्हिसा नाही, ग्रीन कार्ड नाही. अमेरिकेत बसल्या बसल्या जे-१ बदलून दुसऱ्या प्रकारचा व्हिसा करून घ्यायची सोयही जवळजवळ बंद. परत येऊन नव्याने विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसा मागता येतो, पण मेसेज दाखवतोय ती एच-१बीची शिडी तेवढ्या काळापुरती नाहीच. कंपनी कितीही मोठी असो आणि साहेबाला तुमचं काम कितीही आवडो, तिच्या वकिलाने पासपोर्ट उघडला की त्याला व्हिसाच्या पानावर कलम २१२(ई) लागू असल्याची ओळ दिसणार.

ही दोन वर्षं मोजली कशी जातात, तेही पाहा. समजा कोणी जून २०२७ मध्ये परत आलं. वर्षभर पुण्यात नोकरी केली, मग कंपनीने सहा महिने दुबईला पाठवलं. ते सहा महिने मोजले जात नाहीत, दोन वर्षं तेवढी पुढे सरकतात. सलग राहिलं नाही तरी चालतं, तुकडे जोडता येतात, पण प्रत्येक तुकडा भारतातलाच हवा. 'कॅनडात दोन वर्षं काढू' हा उपाय बऱ्याच ठिकाणी सुचवलेला दिसतो. तो चुकीचा आहे. पुरावा म्हणून पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के लागतात, तेव्हा जुना पासपोर्ट टाकून देऊ नये.

स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची असेल तर निवड झाल्यावर मिळणारा डीएस-२०१९ हा फॉर्म काढा. पाचव्या रकान्यात कार्यक्रमाला पैसा कोण देतंय ते डॉलरमध्ये लिहिलेलं असतं. तिथे सरकारी ओळीपुढे आकडा असेल तर विषय संपला. खाली डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत व्हिसा अधिकारी अट लागते की नाही यावर खूण करतो. ही खूण प्राथमिक असते. घाईत चुकीच्या ठिकाणी पडली आणि 'लागत नाही' असं दिसलं, तरी सरकारी पैसा घेतलेला असेल तर अट सुटत नाही. शंका असेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वेव्हर (अटीतून सूट) विभागाकडून लेखी मत मागवता येतं. कोपऱ्यातल्या खुणेच्या भरवशावर नोकरी सोडू नका.

'वेव्हर मिळतोच की' असंही कोणी तरी म्हणणार. सूट मागायचे मार्ग कायद्यात आहेत: आपल्या सरकारचं ना-हरकत पत्र, अमेरिकन सरकारी खात्याची शिफारस, छळाची भीती, अमेरिकन जोडीदाराला किंवा मुलांना अपवादात्मक त्रास. पण जिथे अमेरिकन सरकारचा स्वतःचा पैसा गेलेला असतो तिथे नुसत्या ना-हरकत पत्राने सहसा काम होत नाही. ज्या योजनेचा हेतूच शिकलेलं आपल्या देशात परत नेणं हा आहे, तिथे दुसरं काय होणार? आणि जोडीदार जे-२ वर, म्हणजे जे-१ वाल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, बरोबर गेला, तर हीच अट त्यालाही लागते. हे मेसेजमध्ये कुठेही नाही. एका चुकीच्या वाक्याने घरातली दोन करिअर अडकू शकतात.

इंटर्नशिपबद्दलही घोळच आहे. पदवीनंतर वर्षभर, आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना वाढीव दोन वर्षं काम करायची जी सवलत ऐकून माहीत असते, ती एफ-१ या नेहमीच्या विद्यार्थी व्हिसाची आहे. जे-१ वरच्या विद्यार्थ्याला 'अॅकॅडमिक ट्रेनिंग', म्हणजे अभ्यासाचा भाग म्हणून काम करायची मुभा, मिळू शकतं. ते अभ्यासाशी निगडित हवं, आणि काम सुरू होण्याआधी प्रायोजक संस्थेची लेखी परवानगी हवी. परवानगी सोमवारी येणार म्हणून शुक्रवारी रुजू झालात, तर ते बेकायदा काम धरलं जातं आणि पूर्ण कार्यक्रम रद्द होऊ शकतो. हम्फ्रीमध्ये किमान सहा आठवडे एखाद्या संस्थेत जोडून काम करायचं असतं, पण त्याला नोकरीची पहिली पायरी समजणं ही चूक आहे.

बाकीचे मुद्दे पटकन. पदवी: हम्फ्रीत पदवी मिळत नाही. तो साधारण दहा महिन्यांचा बिनपदवीचा कार्यक्रम आहे, आणि विद्यापीठ तुम्ही निवडत नाही, ते ठरवून दिलं जातं. फुलब्राइट-नेहरू मास्टर्समध्ये पदवी मिळते, पण त्याचे विषय ठरलेले आहेत: सार्वजनिक आरोग्य, पर्यावरण, नगररचना, सार्वजनिक प्रशासन, वारसा जतन असे. एमबीए किंवा डेटा सायन्स डोक्यात असेल तर हे दार तुमचं नाही. वय: २१ वर्षांच्या ताज्या पदवीधराला दोन्हीकडे जागा नाही. मास्टर्ससाठी पूर्णवेळ कामाची किमान तीन वर्षं आणि पदवीला किमान ५५ टक्के, हम्फ्रीसाठी पदवीनंतरची पाच वर्षं. शिवाय मास्टर्ससाठी अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचं शिक्षण लागतं, आणि तीन वर्षांचं बीए-बीकॉम केलेले बरेच अर्ज इथेच अडतात.

खर्चाचं मात्र बरंचसं खरं आहे. शिक्षण शुल्क, राहण्या-जेवणाचा भत्ता, जायचं-यायचं विमान, आजार-अपघाताचं संरक्षण, हे सगळं मिळतं. जोडीदाराचा खर्च मिळत नाही. आणि राहण्याचा भत्ता अमेरिकेत करपात्र धरला जातो, तेव्हा तिथे अनिवासी परदेशी व्यक्तीचं कर विवरणपत्र भरण्याची तयारी ठेवा.

ज्याला खरोखर अमेरिकेत नोकरीच करायची आहे त्याने ही फेलोशिप घेऊच नये. शैक्षणिक कर्ज काढून एफ-१ वर जाण्यात काही वावगं नाही, तो रस्ता त्याच कामासाठी आहे. भाचीलाही हेच सांगितलं. तिला नगररचनेत परत येऊन काम करायचं असेल तर तिने जरूर अर्ज करावा, पण राजीनामा न देता. निवडीला महिनोन् महिने लागतात आणि तीन शिफारसपत्रांपैकी एखादं तिच्या आत्ताच्या साहेबाकडूनच घ्यावं लागेल.

राहिला यूपीआयचा नंबर. यूएसआयईएफ अर्जासाठी एक रुपयाही घेत नाही. आणि सेव्हिस फी? डीएस-२०१९ वरचा कार्यक्रम क्रमांक 'जी-१' ने सुरू होत असेल, म्हणजे अमेरिकन सरकारचा कार्यक्रम असेल, तर ती फी माफ असते. म्हणजे मेसेजवाला ज्या योजनेच्या नावाने पैसे मागतोय, त्या योजनेत ही फीच नाही. कोणी पाठवले असतील तर आजच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.