सूत्र विसरायला सांगणारा तो मेसेज

दहावीतली भाची परवा विचारत होती, “मामा, वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ नाही केलं तरी चालेल ना?” तिच्या ग्रुपवर मेसेज आलाय: अथर्ववेदातल्या सोळा सूत्रांनी कुठलंही वर्गसमीकरण पाच सेकंदांत सुटतं, इंग्रजांनी लादलेलं सूत्र विसरा, पायऱ्या लिहू नका. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेल्या पोरांना हे असलं पाठवायचं?

वेदांचं आधी आटपतो. ही सोळा सूत्रं पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या निधनानंतर, १९६५ साली छापलेल्या ‘वैदिक मॅथेमॅटिक्स’ या पुस्तकातली. अथर्ववेदाच्या आजवर ज्ञात असलेल्या परिशिष्टांत ती सापडत नाहीत, हे त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनी मान्य केलंय. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी निदान ती प्रस्तावना तरी वाचावी.

आता ‘सूत्र विसरा’. मेसेजमधलं उदाहरण क्ष² − ५क्ष + ६ = ०. गुणाकार ६, बेरीज ५. २ आणि ३ लगेच दिसतात. पण क्ष² + ४क्ष − ३ = ० घ्या. गुणाकार −३ येणाऱ्या पूर्णांकांच्या जोड्या दोनच: ३ व −१, नाहीतर −३ व १. बेरीज २ किंवा −२. ४ कुठेच नाही. पोरगी पाच सेकंद सोडा, पाच मिनिटं शोधत बसेल आणि आपलंच चुकतंय म्हणून रडकुंडीला येईल.

अशा वेळी मेसेज ‘गुप्त युक्ती’ सांगतो: समीकरण अक्ष² + बक्ष + क = ० असेल तर २अक्ष + ब = ±√(ब² − ४अक). इथे २क्ष + ४ = ±√२८, म्हणून क्ष = −२ ± √७. उत्तर बरोबर आहे. का नसेल? ब पलीकडे न्या, २अ ने भागा, जे विसरायला सांगितलं तेच सूत्र हातात येतं!

इंग्रजांनी लादलं म्हणे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ लिहिलं. त्यात ते आपल्या आधीचे गणिती श्रीधराचार्य यांचा नियम उद्धृत करतात: दोन्ही बाजूंना ४अ ने गुणा, ब² मिळवा. क आधीच उजवीकडे नेलेला असला की डावीकडे (२अक्ष + ब)² होतं, उजवीकडे ब² − ४अक. मेसेजवाल्यांची युक्ती म्हणजे या नियमाची मधली पायरी. तेव्हा भारतीय गणिताचा अभिमान बाळगा, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग श्रीधराचार्यांचं नाव घ्या, आणि त्यांचंच सूत्र पोरांना विसरायला सांगू नका.

पायऱ्यांबद्दल काय बोलायचं? कधी कधी प्रश्नातच ‘पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा’ असं म्हटलेलं असतं. तिथे नुसतं उत्तर लिहिलं तर गुण जाणारच.

एक तपासणी मात्र खरंच वेळ वाचवते, आणि ती मेसेजमध्ये नाही. सहगुणक पूर्णांक असतील तर आधी ब² − ४अक काढा. पूर्ण वर्ग आला तर अवयव पाडा, नाहीतर थेट सूत्र. ऋण आला तर वास्तव मुळंच नाहीत, शोधाशोध थांबवा. भाचीला मी हेच सांगितलं.