कोपीवरची मुले आणि आपला सीमाभाग

कर्नाटकातल्या निपाणीकडच्या आमच्या गावात ऊसतोड टोळीतली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी ऐन शाळेच्या वेळी मोळ्या वाहते, असे कोणीतरी नातेवाइकांत बोलून दाखवले आणि त्यावरून वाद पेटला. त्यातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही : 'ती पोरे बीडची, त्यांचे महाराष्ट्र सरकार बघेल.' हे म्हणणारे काका सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून दर 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. पाटीवरच्या अक्षरांसाठी जो महाराष्ट्र आपला असतो, तो कोपीवरच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीतल्या, पोरीसाठी परका कसा होतो?

मी इंग्लंडमध्ये लँकेस्टरला राहतो. रविवारी जवळच्या मोरकॅमच्या किनाऱ्यावर गेलो की ओहोटीने उघडी पडलेली वाळू दिसते. 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री तिथे शिंपले वेचणारे किमान 21 चिनी मजूर भरतीत बुडाले. त्यांना तिथे नेणाराही मुकादमच, म्हणजे मजुरांची टोळी पुरवणाराच होता. त्याच वर्षी इथल्या संसदेने शेतीला आणि शिंपले वेचायला मजूर पुरवणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. हे मी अभिमानाने सांगितले, तेव्हा काका म्हणाले, 'तिकडे बसून बोलायला तुझे काय जाते?' ते मला लागले. नंतर वाचून पाहिले, तर परराज्यातून पाच किंवा अधिक मजूर आणणाऱ्या ठेकेदाराला परवाना हवा, असे आपल्या 1979 च्या कायद्यातच होते.

मुले आईबापाला हातभार लावतात, त्यात गुन्हा कसला, हा काकांचा दुसरा मुद्दा. पण नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', हंगामाआधीच मुकादमाच्या उचलीने, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेने, बांधलेला असतो. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, आणि हिशेब टनावर असल्याने पोरीची मेहनतही त्याच फेडीत जाते. उचलीपोटी मजुराची मोकळीक हिरावणे ही वेठबिगारी आहे, असे 1976 चा कायदा सांगतो. शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत करण्याची सवलत 2016 च्या दुरुस्तीने दिली खरी, पण ती शाळा बुडवून दुसऱ्याच्या फडात मोळी वाहण्यासाठी नव्हे.

मी दहा वर्षांचा असताना आमच्याच फडात माझ्या वयाची एक मुलगी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करीत असे. मी दप्तर घेऊन बांधावरून जाई आणि तिच्या मराठवाडी बोलीला आम्ही सगळे हसत असू. त्या उसाच्या बिलातून माझी फी भरली गेली, पुढे परदेशाचे तिकीटही निघाले. काकांवर रागावताना हे मला सांगितलेच पाहिजे.

सीमाभागातल्या मराठी शाळांचा पट घटतो म्हणून आपण हळहळतो, आणि मराठी बोलणारी ही मुले शाळेपासून हाकेच्या अंतरावर पाचटात बसलेली असतात. येत्या हंगामात टोळी उतरली की मुकादमाकडे परवाना माग आणि कोपीवरची मुले मास्तरांकडे घेऊन जा, असे मी चुलतभावाला लिहिले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. त्या शेताच्या उताऱ्यावर माझेही नाव आहे, त्यामुळे मी पुन्हा लिहिणार आहे.