मामांच्या गोळ्या बंद करणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर गेले काही आठवडे एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कोरोना हा केवळ फुफ्फुसांचा आजार होता, रुग्णालयात दाखल झालेल्यांची हृदये तिथल्या इंजेक्शनांनी आणि पुढे लसीने बिघडली, हृदयाला इजा झाली आहे का हे दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी बिल फुगवण्यासाठीच होती, म्हणून हृदयाच्या सर्व गोळ्या बंद करून चाळीस दिवस अर्जुनसालीचा काढा घ्यावा.

अमळनेर तालुक्यातल्या माझ्या मामांनी हे शब्दशः पाळले. एप्रिल २०२१ मध्ये ते अकरा दिवस ऑक्सिजनवर होते आणि हृदयाचे पंपिंग कमी झालेल्या अवस्थेत घरी परतले होते. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा गोळ्या बंद करून नऊ दिवस झाले होते. त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडत होता आणि तो लवकर भरत नव्हता. रात्री आडवे होताच दम लागतो म्हणून ते उशांना टेकून बसल्या बसल्या झोपत होते. तरीही मला म्हणाले, "आते गोळ्यासनी गरज नई शे."

म्हणून शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण माणसाचा जीव त्यानेच जाईल. पंपिंग कमी असलेल्या रुग्णाने लघवीची गोळी सोडली की शरीरात पाणी साठू लागते, ते आधी पायांत दिसते आणि मग फुफ्फुसांत उतरते. ठोक्यांची गती आवरणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी सोडली तर ठोके वाढून छातीत कळ येऊ शकते. रक्त पातळ ठेवणारी गोळी ज्याला गुठळीच्या धोक्यामुळे दिलेली असते, त्याने ती सोडणे म्हणजे तोच धोका पुन्हा ओढवून घेणे. अर्जुनसाल आयुर्वेदात हृदयासाठी पूर्वापार वापरली जाते, तिच्याविषयी मला आदर आहे, आणि डॉक्टरांना सांगून कोणी ती घेत असेल तर माझी हरकत नाही. पण या गोळ्यांचे काम ती करते असे सांगणे हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

आता 'केवळ फुफ्फुसांचा आजार' या दाव्याकडे वळू. वुहान विद्यापीठाच्या रेनमिन रुग्णालयात २० जानेवारी ते १० फेब्रुवारी २०२० या काळात दाखल असलेल्या ४१६ रुग्णांचा अभ्यास त्याच वर्षी मार्चमध्ये 'जामा कार्डिऑलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८२ जणांच्या, म्हणजे जवळपास दर पाचांतल्या एकाच्या, हृदयाच्या स्नायूला इजा झालेली आढळली. या ८२ पैकी ४२ जण दगावले. इजा नसलेल्या ३३४ जणांपैकी १५. इजा झालेले रुग्ण वयाने मोठे होते आणि त्यांच्यात रक्तदाब व मधुमेहही अधिक होता हे खरे, परंतु या गोष्टी हिशेबात धरल्यानंतरही मृत्यूचा वाढलेला धोका कायम राहिला. यामागची कारणेही अगम्य नाहीत. रक्तातला ऑक्सिजन घटतो आणि तापाने हृदय धावत असते, त्यामुळे गरज वाढते आणि पुरवठा कमी पडतो. शरीरभर उसळलेला दाह हृदयाच्या स्नायूलाही पोळतो. आणि रक्तात गुठळ्या होऊन त्या फुफ्फुसाच्या वाहिनीत अडकल्या की हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो. रुग्णालयात हेपॅरिनची इंजेक्शने दिली जात होती ती या गुठळ्या रोखण्यासाठी.

हा अभ्यास झाला तेव्हा जगात कोरोनाची एकही लस लोकांना मिळत नव्हती. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. तेव्हा वुहानच्या त्या ८२ जणांची हृदये कोणत्या लसीने बिघडवली, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे. १८ ते ४५ वयोगटातल्या आकस्मिक मृत्यूंवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. कोरोनाने रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांत मात्र तो वाढलेला होता.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन असून पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. मूत्रपिंडाच्या आजारातही ते वाढते, पण म्हणून तपासणी खोटी ठरत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिन सर्रास दिली गेली, आणि ही दोन्ही औषधे हृदयाची लय बिघडवू शकतात. बिलांची लूटही झाली. म्हणूनच मे २०२० मध्ये राज्य सरकारला खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून द्यावे लागले. लोकांचा राग खरा आहे, आणि त्याच रागावर हा संदेश पोसला जातो.

मामांना सोमवारी डॉक्टरांकडे नेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या असून रोज सकाळी वजन करून वहीत लिहायला सांगितले आहे. सहा दिवसांत ते तीन किलोंनी उतरले. ते सगळे साठलेले पाणी होते. संदेश अजूनही गटावर आहे. ज्याने तो टाकला त्याने तो काढावा आणि ज्यांना पुढे पाठवला त्या प्रत्येकाला फोन करून गोळ्या चालू आहेत का, हे विचारावे.