माझी बॅग म्हणजे सार्वजनिक धर्मशाळा नव्हे

परवा फॅमिली ग्रुपवर कुणीतरी तो फोटो पुन्हा वर आणला. सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरबाहेर माझा नवरा उभा. डोळ्यांवर गॉगल, हातात इवलीशी निळी बॅग आणि खाली स्वतःच लिहिलेलं, 'चार रात्रींची क्रूझ, एक केबिन बॅग. सवय लावून घ्यावी लागते!' त्यावर १९ अंगठे. चुलत सासऱ्यांची टिप्पणी, 'शिका काहीतरी, बायकांनो.'

बस. आज कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही मोजलं नाही. लिहूनच टाकते.

फोटोच्या डाव्या कडेला एक अर्धा कापलेला खांदा दिसतो ना, तो माझा. खांद्यावरच्या पट्ट्याला फुगून टम्म झालेली जी सॅक लटकलीय, तीही माझी. म्हणजे तेव्हा नावापुरती माझी. आणि फोटो जरा मोठा करून खाली बघा. बर्म्युडाच्या खाली लेसवाले काळे बूट. हा फॅशनचा प्रकार नाही. ते का, ते सांगतेच.

फक्त केबिन बॅग, म्हणजे विमानात सोबतच नेतात ती छोटी बॅग, घेऊन जायचं ही टूम माझी. उगाच नाही, त्यामागे हिशेब होता. इतर ट्रिपला विमानात बॅग मागे राहिली तर ती उद्या-परवा हॉटेलवर येते. क्रूझचं जहाज संध्याकाळी सुटतं, ते कुणाच्या बॅगेसाठी थांबत नाही. मग तुम्ही पुढे आणि बॅग तुमच्यामागे पेनांग, फुकेत करत वरातीमागून घोडं. दुसरं, मोठी बॅग टर्मिनलवर हमालाकडे दिली की ती जहाजावरच्या आपल्या खोलीच्या, केबिनच्या, दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होते. तोवर बाकीचे पूलमध्ये डुंबतायत आणि तुमचा पोहायचा ड्रेस जहाजाच्या पोटात कुठेतरी. आणि शेवटच्या रात्री ११च्या आत सगळ्या मोठ्या बॅगा बाहेर कॉरिडॉरमध्ये काढून ठेवायच्या. सकाळी घालायचे कपडेसुद्धा त्यातच भरून टाकणारे महाभाग असतात. नाइट सूटवर उतरणारे एक गृहस्थ मी याचि देही याचि डोळा पाहिलेत. स्वतःची बॅग स्वतः उचलली की ही सगळी भानगड मिटते.

घरात सगळ्यांना पटलं. माना डोलावल्या. नणंद मात्र म्हणाली, 'मी बाई २० किलोची बॅग टाकणार, मला नाही जमत.' ठीक आहे, तिचे पैसे, तिची बॅग.

तिकिटावर ७ किलो, तेही पर्ससकट. आमची चाकांची ट्रॉली बॅग रिकामी असतानाच २ किलो ८०० ग्रॅम भरते. म्हणजे सातातले जवळपास तीन किलो नुसती चाकं, दांडा आणि कंपनीचा बिल्ला. मी ट्रॉली बाद केली आणि मुलाची कॉलेजची जुनी सॅक काढली, ९०० ग्रॅमची. खांदा दुखला तर दुखला, जवळपास दोन किलो वाचले. जीन्स बाद, कारण त्या दमट हवेत ती परत येईपर्यंत वाळणार नाही. चटकन वाळणारे तीन कुर्ते, एक पँट, जहाजावर सगळे नटूनथटून जेवायला येतात त्या 'फॉर्मल नाइट'साठी काळा ड्रेस, एक स्टोल. पूलमध्ये सुती कपड्यांत उतरू देत नाहीत म्हणून पोहायचा ड्रेस. तेल, शाम्पू १०० मिलीच्या आतल्या बाटल्यांत. एक पुस्तक. सॅकसकट बरोब्बर ४ किलो!

आणि इथे माझं चुकलं. आनंदाच्या भरात मी मोठ्याने म्हणाले, 'अजून तीन किलो जागा आहे!'

लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेल्या बाईने पाय जरा आत घेतले की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आधी नवरा. 'माझे बूट तेवढे टाक. फॉर्मल नाइटला लागतील.' नऊ नंबरचे, १ किलो १०० ग्रॅम. तुझ्या बॅगेत टाक की! 'माझे शर्ट चुरगळतात.' पाठोपाठ ब्लेझर. 'तू छान घडी घालतेस.' सॅक तूही घे म्हटलं, तर पाठीला त्रास होतो म्हणून साहेबांना तीच निळी ट्रॉली हवी. म्हणजे चाकं त्याला आणि वजन मला.

मग नणंद. 'वहिनी, पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही ना? तुमच्याकडे ठेवता?' खरंय, लिथियम बॅटरी आग पकडू शकते म्हणून ती केबिनमध्येच न्यावी लागते. पण अगं, तुझ्या खांद्याला जी बादलीएवढी पर्स लटकलीय ती विमानाच्या टपावर ठेवणारेस का? दोन पॉवर बँका, चारशे-चारशे ग्रॅमच्या. घेतल्या. तोंडातून 'हो, द्या' निघून गेल्यावर भान आलं.

मग सासूबाई. सगळ्यांच्या कागदपत्रांची फाइल. पासपोर्टच्या झेरॉक्स, तिकिटांच्या झेरॉक्स, व्हिसाच्या झेरॉक्स. जहाज सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येतं, म्हणून मल्टिपल एंट्रीचा व्हिसा लागतो. हे कळल्यापासून त्यांनी एकेका कागदाच्या तीन-तीन प्रती काढलेल्या. अर्धा किलो नुसता कागद. वर चिवडा आणि मिरचीचं लोणचं. आई, जहाजावर सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत खायला घालतात हो! 'असू दे गं, तोंडाला चव नसली तर?'

शेजारच्या काकूही आल्या. त्यांचा मुलगा सिंगापूरला. 'तू जातेच आहेस तर भाजणी नेशील? एकच किलो.' इथे मात्र मी ठाम राहिले. अमली पदार्थांसाठी फाशी देणाऱ्या देशात दुसऱ्याने बांधून दिलेली पिठाची पुडी घेऊन मी जाणार नाही, मग ती भाजणी असो नाहीतर सत्यनारायणाचा प्रसाद. काकू अजून जिन्यात भेटल्या की मान फिरवतात. फिरवू देत.

रात्री वजन. हुकवाला काटा नव्हता, म्हणून बाथरूममधला काटा हॉलमध्ये आणला. आधी मी एकटी उभी राहायचं, मग सॅक घेऊन, आणि वजाबाकी. सबंध कुटुंब गोल करून बघतंय. ६८.४. नणंदेने भुवई उचलली ती मला दिसली. सॅक घेऊन ७६.२. म्हणजे ७ किलो ८०० ग्रॅम. आठशे ग्रॅम कमी करायचे.

मी काय काढलं असेल? माझा काळा ड्रेस आणि माझं पुस्तक. सगळ्यांसमोर काढलं. एक माणूस 'राहू दे, बूट काढतो' म्हणाला नाही. उलट नवरा म्हणतो, 'बघ, जमलं ना?'

त्यातून ते बॅग भरायला शिकवणारे रील्स! तेवीस वर्षांची पोरगी, सात कपडे, चौदा लूक. पैठणीला सुरळी करावी तसे टी-शर्ट गुंडाळते आणि म्हणते, बघा किती जागा वाचली. अगं बये, जागा वाचली, वजन तेवढंच राहिलं ना! त्या हवा काढून चपट्या करायच्या पिशव्या मीही आणल्या होत्या. ब्लेझर पापडासारखा झाला. काट्यावर ठेवला तर पिशवीचं वजन वर वाढलेलं. आणि तिच्या बॅगेत नवऱ्याचे बूट कधीच नसतात, सासूबाईंचं लोणचं नसतं, बीपीच्या गोळ्यांची पट्टी नसते.

विमानतळावर काउंटरच्या मुलीने निळी ट्रॉली काट्यावर ठेवली. ५.१. तिने कौतुकाने पाहिलं. हा म्हणाला, आणि हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही, 'आय ऑलवेज ट्रॅव्हल लाइट.' मग माझी सॅक. ८.३.

८.३? घरी ७ झाली होती! शेकडो लोकांसमोर जमिनीवर बसले आणि चेन उघडली. वरच त्याची दाढीची पिशवी. तिच्याखाली पोहायची चड्डी, खाली सनस्क्रीनची लठ्ठ बाटली. मी झोपल्यावर घातलेलं. 'वर जरा पोकळी वाटली म्हणून...' पोकळी! ती मी माझा ड्रेस काढून केलेली पोकळी होती!

मागची रांग उसासे टाकतेय, काउंटरची मुलगी घड्याळ बघतेय, आणि तो ५.१ किलोचा इसम निळ्या बॅगेच्या दांड्यावर हात ठेवून उभा. 'मी घेतो थोडं' असं नाही. मी बूट काढून त्याच्या पायाशी आदळले. घाल. आत्ता घाल. सँडल तुझ्या बॅगेत टाक. एक पॉवर बँक माझ्या जॅकेटच्या खिशात कोंबली, दगड भरल्यासारखा खिसा खाली लोंबला. ६.८. फोटोतले ते बूट हे असे आले.

पुढे सिक्युरिटीला सॅक बाजूला काढली. सनस्क्रीन १५० मिली. आत निम्मंच उरलंय म्हणून उपयोग नाही, बाटलीवरचा आकडा बघतात. लोणचंही गेलं. 'मॅडम, नियम माहीत नाहीत का?' माहीत आहेत हो साहेब, पाठ आहेत. पण ज्यांचं सामान आहे ते तिकडे कॉफी पितायत.

जहाजाबद्दल फार लिहीत नाही, जहाज छान होतं. नणंदेची छोटी इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड मात्र चढतानाच काढून घेतले. आगीच्या भीतीने जहाजावर इस्त्री चालवू देत नाहीत, उतरताना परत देतात. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

केबिनच्या बाथरूममध्ये भिंतीवर एक छोटी चकती असते. ओढली की आतून दोरी निघते, ती समोरच्या खुंटीला अडकवायची. वितभर जागेत एक दोरी, मोजून चार-पाच कपडे. केबिन बॅगवाल्यांचा संसार या दोरीवर चालतो. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे टाकायला मनाई आहे आणि लॉन्ड्रीवाले नगावर पैसे घेतात. मी पहिल्या रात्री दोन कुर्ते धुऊन बाहेर आले. पाच मिनिटांनी जाऊन बघते तर माझे कुर्ते एका कडेला दाबलेले आणि उरलेल्या दोरीवर त्याची तीन बनियनं, टपटप गळतायत. दोरीवरही जागा दिसली ना!

निघण्याआधी आणीबाणीचा सराव झाला. त्यात सांगतात, धोका असेल तर सामान घ्यायचं नाही, तसंच निघून यायचं. तेवढी दहा मिनिटं मी मोकळी होते.

आणि ती फॉर्मल नाइट. ब्लेझर घातलेला, बूट चमकतायत, फोटोग्राफर हाका मारून बोलावतोय. मी तिसऱ्यांदा तीच पँट आणि अर्धवट वाळलेला कुर्ता घालून शेजारी. आणि नणंद, २० किलोतली पैठणी नेसून, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं, 'वहिनी, तुम्ही काही आणलंच नाहीत का घालायला?'

मी सूप प्यायले.

परतीचं काय सांगू. टायगर बामच्या डझनभर डब्या, चॉकलेटं, चुंबकं. नणंदेची बॅग २० किलोला टेकली, उरलेलं अर्थातच 'वहिनींच्या सॅकमध्ये बघा ना'. विमानातून उतरल्यावर मधली चेन फाटली. घरी आलो तर ट्रॉली त्याच संध्याकाळी माळ्यावर गेली, कारण तिच्यात काढायला होतंच काय? चार शर्ट आणि सँडल.

ते सगळं झालं आठ महिन्यांपूर्वी. फोटो मात्र दर महिन्याला वर येतो. कालही त्याने अंगठ्यांना हात जोडून उत्तर दिलं, 'प्लॅनिंग लागतं, बाकी काही नाही.' मी तिथेच खाली लिहिलं, 'बूट कुणाच्या बॅगेत होते ते सांग.' निळ्या दोन टिका आल्या. एकानेही उत्तर दिलं नाही. पाच मिनिटांनी चुलत सासऱ्यांनी सुप्रभात, गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकला.

आता मगाशी स्वयंपाकघरात येऊन विचारतोय, दिवाळीत कोकणात जाऊ या का, ट्रेनने, आणि ती मोठी सॅक शिवून आणलीस का.