वाघ बघायचाय? मग गोव्याबाहेर पडा

गोवेकराने वाघ बघावा तो परराज्यात. म्हादई अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ टिपला गेल्याची बातमी सकाळी चहाबरोबर वाचावी, 'आता काजूच्या बागेत जायचं कसं' म्हणून काळजीत पडावं आणि दुपारी ताडोबाचं बुकिंग करावं. यात विसंगती शोधू नका. आपण समतोल माणसं.

बुकिंग कोअरचंच, म्हणजे जंगलाच्या गाभ्याचंच करा. मोहर्ली गेट, कोलारा गेट ही नावं तोंडात बसली की अर्धी सफारी झाली. पहाटे जिप्सीत चढताना मातकट रंगाचं, खिसेच खिसे असलेलं जाकीट घाला, जंगलात मिसळून जायला. वर अत्तर शिंपडा.

आत शिरल्यावर गाईड मध्येच इंजिन बंद करायला लावील आणि बोट वर करील. तो 'कॉल', म्हणजे वाघाची चाहूल लागलेल्या प्राण्यांची इशाऱ्याची हाक ऐकत असतो. चितळ जरा पाचोळा वाजला तरी ओरडतं, वानर झाडाच्या शेंड्यावरून बघून खाकरतं. पण सांबर ओरडू लागलं की वाघ जवळपास आहे असं जाणते धरून चालतात. नेमक्या त्याच क्षणी वेफर्सचं पाकीट फोडा आणि "कुठाय, कुठाय?" असं खणखणीत विचारा. पुढे वाघ दिसला नाही तर गाईडला झापायला तुम्ही मोकळे.

बाकीच्या प्राण्यांशी सलगी नको. गवा दिसला तर जांभई द्या. तो गोव्याचा राज्यप्राणी आहे हे जिप्सीत कुणाला कळू देऊ नका. रानकुत्र्यांचा कळप दिसून गाईड हरखला तर "अहो, कुत्री काय दाखवता!" म्हणा. जागतिक यादीत रानकुत्रा आणि वाघ धोक्याच्या एकाच वर्गात आहेत खरे, पण पैसे आपण पट्ट्यांचे भरलेत.

आणि आलाच वाघ रस्त्यावर, तर चुकूनही डोळ्यांनी बघू नका. कॅमेरा वर धरा. मागच्या जिप्सीतल्या काकांची टोपी, पुढच्या ड्रायव्हरचं कोपर आणि शेपटीचं टोक एवढं नक्की मिळेल. घरी परतल्यावर 'वाघ वाचला तर जंगल वाचेल' असं त्याखाली लिहून स्टेटस ठेवा.

कुळेहून दूधसागरला जाणारी जीपही भगवान महावीर अभयारण्यातूनच जाते, पण तिला सफारी समजायचं नसतं. ती आंघोळीची सोय.

घरच्या वाघाचा विषय निघाला तर जरा जपून. 2020 च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीत चार वाघ विषबाधेने मेले. त्यांना बघायला जिप्सी नव्हती, तिकीट नव्हतं, त्यामुळे तो प्रकार सफारीत धरत नाहीत. 2023 च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि आसपासच्या रानात तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असं सरकारला सांगितलं, तेव्हा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. यावर कुणी मत विचारलं तर आवाज खाली आणून म्हणा, "पण रानातल्या लोकांच्या बागायतींचं काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला कुणी लावत नाही, म्हणून सोयीचाही आहे. एरवी त्या बागायतदाराच्या गावाची वाट तरी आपल्याला कुठे ठाऊक असते!

ताडोबात एखादा अवघड प्रसंग मात्र येऊ शकतो. परतीच्या वाटेवर गाईड सहज विचारील, "साहेब, तुमच्या गोव्यात वाघ आहेत का हो?" गडबडू नका. "असतात कधीमधी. कर्नाटकातून येतात, चार दिवस राहतात, जातात," असं सांगा. "म्हणजे पर्यटकच की!" म्हणून तो हसेल. तुम्हीही हसा आणि पन्नासाची नोट त्याच्या हातावर ठेवून उतरा.