दाखवायचाच नसेल तर फोटो काढायचा कशाला?

फोटोग्राफीवरच्या एका लेखात हा प्रश्न वाचला आणि पहिली आठवली ती अमेरिकन फोटोग्राफर व्हिव्हियन मायर. शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची, गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा, आणि आयुष्यभरात लाखाच्या वर निगेटिव्ह, पण प्रदर्शन वगैरे काही नाही, आणि शेकडो रोल तर डेव्हलपच केले नाहीत म्हणजे स्वतःचेच फोटो स्वतः बघितले नाहीत!! २००७ ला स्टोरेजचं भाडं थकलं म्हणून सामान लिलावात गेलं, २००९ मध्ये बाई गेल्या, आणि मग फ्लिकर या फोटो शेअर करायच्या साइटवर फोटो पडले नि जगभर बोलबाला. आता हे सगळं पैशाअभावी झालं की मुद्दाम, ते सांगायला ती नाही, त्यामुळे उगाच तिला संतीण करू नका.

पण त्या कॅमेऱ्यात रोलला फक्त १२ फ्रेम, वरून खाली काचेत बघायचं, कुणाच्या तोंडावर कॅमेरा रोखायचा नाही, याने बघणंच बदलतं ना. आपण फोन उचलतानाच उभा धरतो, चेहरा मधोमध, वर टेक्स्टला जागा सोडून, म्हणजे अर्धा फोटो ॲपनेच काढलेला असतो.

मी हल्ली आवडलेले तेवढे लॅबमधून ४ बाय ६ इंची प्रिंट करून आणतो आणि वहीत लावतो, आई म्हणते ओल्या भिंतींचे कसले फोटो काढतोस, म्हणू दे. फक्त आमच्या कोकणातल्या पावसात प्रिंटला बुरशी फार लवकर धरते, तेव्हा वही डब्यात ठेवा आणि आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका.